नकाशावर सलग, रस्त्यावर तुटक: पुण्यातील एका सायकल मार्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, हे वाक्य इतक्या वेळा लिहून झाले आहे की त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही. या प्रकरणासाठी महत्त्वाचा आहे तो त्यानंतरचा काळ. २००६ मध्ये केंद्र सरकारचे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले आणि त्यात वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य देण्याची भूमिका घेतली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचा, पहिला टप्पा सुरू झाला. बीआरटीसाठी रस्त्यांची फेररचना करताना पदपथाला लागून सायकल मार्गही बांधले गेले, आणि पुढील काही वर्षांत शहरातील इतर मोठ्या रस्त्यांवरही असे पट्टे आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखड्याला मंजुरी दिली. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचे जाळे सुचवलेले होते. त्याच सुमारास मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकलीही शहरात आल्या, काही काळ कोपऱ्याकोपऱ्यावर दिसल्या आणि पुढे दिसेनाशा झाल्या.

प्रस्तुत प्रकरण अशाच एका मोठ्या रस्त्याचे आहे. रस्त्याचे, प्रभागाचे आणि काम करणाऱ्या गटाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण येथे जे घडले ते त्या एका रस्त्यापुरते नाही आणि कोणा कार्यालयाला धारेवर धरणे हा या टिपणाचा हेतूही नाही. गटात मोजकीच माणसे होती: एक निवृत्त स्थापत्य अभियंता, वास्तुरचनेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी, सॉफ्टवेअर क्षेत्रातील एक नोकरदार आणि परिसरात राहणारे आणखी काही जण. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात २००६-०७ पासून नागरिकांनी सुचवलेल्या लहान कामांसाठी वाव ठेवलेला आहे. त्या तरतुदीतून सायकल मार्गाच्या किरकोळ दुरुस्त्या सुचवाव्यात, एवढाच गटाचा सुरुवातीचा बेत होता. कामे कोणती आणि नेमकी कोठे, हे दाखवायला नकाशा हवा होता. त्यासाठी त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून स्वयंसेवकांनी घडवत आणलेला, कोणालाही पाहता आणि दुरुस्त करता येणारा नकाशा उघडला.

नेमकी अडचण

नकाशावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सायकल मार्गाची रेषा होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये कोठेही न तुटणारी. नोंदींचा इतिहास पाहता ती कोणीतरी घरबसल्या, उपग्रहाच्या छायाचित्रावरून काढलेली असावी असे दिसत होते. यात त्या व्यक्तीचा दोष काढण्यासारखे काही नाही. वरून पाहिले तर लाल पेव्हर ब्लॉकचा पट्टा खरोखरच सलग दिसतो आणि जिथे झाडांची सावली पडते तिथे तो पुढे चालू असेल असेच कोणीही धरेल. मात्र सायकलसाठी वाट शोधून देणारी अनेक ॲप हाच नकाशा वापरतात, आणि त्यांच्या हिशेबी हा रस्ता शहरातील उत्तम सायकल मार्गांपैकी एक ठरला होता.

जमिनीवर काय आहे ते पाहण्यासाठी यातील एक जागा बारकाईने पाहणे पुरेसे आहे. शाळेच्या फाटकापासून निघालेला पट्टा पदपथाच्या उंचीवरून जातो. वाटेत प्रत्येक दुकानासमोर गाड्या चढवण्यासाठी केलेल्या उतारांमुळे तो खालीवर होतो, आणि मग बसथांब्याशी येतो. थांब्याच्या शेडचे दोन खांब आणि बाकाचे पाय थेट लाल ब्लॉकमध्ये रोवलेले आहेत. शेड आणि सोसायटीची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा उरते, आणि तीत वीजपुरवठ्याची लोखंडी पेटी उभी आहे. शेड ओलांडून पुढे गेले की पट्टा पुन्हा दहा-बारा पावले दिसतो आणि सहा इंच उंचीच्या कर्बस्टोनशी (पदपथाच्या कडेच्या दगडाशी) संपतो. खाली रिक्षाथांबा. त्यापुढे डावीकडे वळणाऱ्या वाहनांसाठी सिग्नलविना मोकळी ठेवलेली वाट, म्हणजे सायकलस्वाराने जिथे रस्त्यात उतरायचे तिथेच मोटारी वेग न कमी करता वळतात. रात्रपाळी संपवून याच रस्त्याने घरी परतणारा एका सोसायटीचा सुरक्षारक्षक गटाला भेटला, तो या पट्ट्यावर कधी चढतच नव्हता. पुढे उतरावेच लागणार असेल तर आधी चढायचे कशाला, असा त्याचा साधा हिशेब होता. डांबरी रस्त्याची डावी कड धरून तो आपला सरळ जात असे.

या एका उदाहरणात नकाशाची अडचण पुरती सामावलेली आहे. अशा नकाशात रस्ते म्हणजे रेषा आणि जिथे दोन रेषा जुळतात तिथे एक बिंदू. वाट शोधणारे ॲप त्या बिंदूवरून एका रेषेवरून दुसरीवर जाते. सायकल मार्गाची रेषा जिथे डांबरी रस्त्याला जोडली आहे, तिथे सायकल सहज उतरते असे ॲप गृहीत धरते. सहा इंचांचा कर्बस्टोन त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. उलट जिथे प्रत्यक्षात उतार आहे पण नकाशात बिंदू जोडलेला नाही, तिथे ॲपच्या लेखी भिंत असते. म्हणजे जाळे तुटते ते रेषेच्या लांबीत कमी आणि सांध्यावर जास्त.

लांबीचा हिशेबही यात भर घालतो. एका किलोमीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पट्टा असेल तर तो एक किलोमीटर धरायचा की दोन, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. आणि त्यात मध्ये पाच ठिकाणी खंड असेल तरीही बांधलेली लांबी तेवढीच राहते, कारण तुटलेल्या जागांची बेरीज फार तर शे-दीडशे मीटर भरते. कागदावर नव्वद टक्के पूर्ण असलेला मार्ग चालवायला निरुपयोगी असू शकतो, आणि किलोमीटर मोजणाऱ्या कोणत्याही तक्त्यात हे दिसणार नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला निर्णय नकाशाचा होता. गटातील नोकरदार सदस्याचे म्हणणे असे की ही रेषा सरळ पुसून टाकावी. जी वाट चालवता येत नाही ती दाखवणे म्हणजे लोकांना फसवणे, आणि एखादी शाळकरी मुलगी ॲपवर विश्वास ठेवून त्या वळणावर उतरली तर काय, हा त्याचा प्रश्न रास्त होता. निवृत्त अभियंत्याने याला ठाम विरोध केला. पट्टा बांधण्यावर सार्वजनिक पैसा खर्च झालेला आहे, तो तुटका असला तरी जागेवर आहे, आणि नकाशावरून तो नाहीसा केला तर उद्या त्या जागेवर पार्किंगच्या रेषा आखल्या जातील तेव्हा इथे सायकल मार्ग होता हे दाखवायला काही उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या दोन भूमिकांमधला ताण खरा आहे आणि आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत विचार करण्यासारखा भाग हाच आहे. एकाच नकाशाकडून सायकलस्वाराला वाट हवी असते आणि नागरिकाला पुरावा.

दुसरा मार्ग म्हणजे नकाशाला हात न लावता फक्त तक्रारींची यादी देणे. तो लवकर बाजूला पडला, कारण चुकीचा नकाशा तसाच ठेवून बरोबर यादी देण्यात विसंगती होती. कार्यालयातील कोणीही तोच नकाशा उघडून मार्ग सलग असल्याचे दाखवू शकले असते.

तिसरा पर्याय संगणकाकडून तुटी, म्हणजे मार्ग जिथे तुटतो त्या जागा, शोधून घेण्याचा होता. कोपनहेगनच्या सायकल जाळ्याबाबत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ओपनस्ट्रीटमॅपच्याच माहितीवरून १०५ अग्रक्रमाच्या तुटी शोधल्या होत्या. जाळ्याचे दोन तुकडे जोडणारी पण सायकल मार्ग नसलेली रस्त्याची कडी संगणकाने हेरायची आणि तिथून किती प्रवास जाऊ शकतील यावरून तिचा क्रम लावायचा, अशी ती पद्धत आहे. पद्धत उत्तम, पण तिचे गृहीतक असे की नकाशात जी रेषा आहे ती जमिनीवर चालवता येते आणि तूट म्हणजे दोन रेषांमधली रिकामी जागा. पुण्यात रिकामी जागा रेषेच्या आतच होती. आधी रेषा खरी केल्याशिवाय संगणकाला विचारण्यात अर्थ नव्हता.

त्याऐवजी गटाला उपयोगी पडला तो २०१२ मध्ये अमेरिकेतील सॅन होजे शहराच्या अभ्यासातून पुढे आलेला विचार. त्यात रस्त्यांची विभागणी सायकलस्वाराला वाटणाऱ्या ताणानुसार चार पातळ्यांत केली होती, आणि संपूर्ण वाटेची पातळी सरासरीवरून न ठरवता तिच्यातील सर्वांत वाईट तुकड्यावरून ठरवली होती. चार किलोमीटर निवांत आणि एक चौक जीवघेणा असेल तर ती वाट जीवघेणी. सुरक्षारक्षकाने चालवून काढलेला निष्कर्ष आणि हा निष्कर्ष एकच आहे.

सायकलस्वारांच्या ॲपवर जमा होणाऱ्या मार्गांचा उष्णता-नकाशा, म्हणजे जिथून जास्त प्रवास होतो तिथे रेषा ठळक दाखवणारा नकाशा, वापरावा, अशीही सूचना आली. तो पाहिल्यावर दिसले की रेषा ठळक होत्या त्या सिंहगड, खडकवासला आणि घाटांच्या दिशेने. व्यायामासाठी पहाटे निघणारे स्वार आपला प्रवास नोंदवतात. बांधकामावर जाणारा गवंडी, पेपर टाकणारा मुलगा, घरकाम करणारी बाई यांच्या प्रवासाची नोंद तिथे होत नाही. शिवाय झाडे आणि इमारती यांच्यामध्ये मोबाइलचे स्थान काही मीटरने चुकते. त्यामुळे स्वार पट्ट्यावर होता की शेजारच्या डांबरी रस्त्यावर, हे अशा नोंदीतून सांगताच येत नाही, आणि नेमके तेच तर शोधायचे होते.

शेवटचा निर्णय तूट कशाला म्हणायचे याचा, आणि त्यावरची चर्चा सर्वांत लांबली. स्वाराला सायकलवरून उतरावे लागते ती जागा आणि पूर्वसूचनेविना वाहनांत मिसळावे लागते ती जागा, यांवर एकमत झाले. वाद झाला तो भाजीच्या हातगाड्यांवरून. त्या पट्ट्यावर रोज संध्याकाळी लागतात, तेव्हा त्या नोंदवाव्यात असे काहींना वाटले. विद्यार्थिनींनी हरकत घेतली: हातगाड्यांच्या जागा दाखवणारा नकाशा उद्या अतिक्रमणविरोधी कारवाईची यादी बनेल, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना जे संरक्षण दिले आहे त्याचा विचार न करता आपण ती यादी आयती पुरवत असू. शिवाय हातगाडी ढकलता येते, सायकल तिच्या बाजूने काढता येते. शेडचा खांब ढकलता येत नाही. अखेर स्थिर वस्तूच नोंदवायच्या, माणसे नोंदवायची नाहीत, असे ठरले. दुचाक्या-मोटारींच्या पार्किंगची नोंद वेळेसह वेगळ्या रकान्यात घ्यायचे ठरले. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो, जरी त्यामुळे अडचणीचे चित्र काहीसे सौम्य झाले.

प्रत्यक्ष काम

पाहणी सायकलवरून न करता पायी केली गेली. सायकलवर असताना अडथळा चुकवण्यात लक्ष जाते आणि नोंद राहून जाते. पायी मोजपट्टी लावता येते. प्रत्येक तुटीच्या दोन्ही दिशांनी छायाचित्रे घेतली, कारण एका बाजूने उतार आणि दुसऱ्या बाजूने पायरी असे प्रकार बरेच निघाले. मोटारसायकली पट्ट्यावर चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधील अंतर मोजले. साध्या सायकलीचे हँडल दोन फुटांच्या आसपास असते आणि ती अशा फटीतून जपून जाते, पण दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन किंवा गॅसच्या टाक्या लावलेली सायकल अडकते. काही ठिकाणी स्कूटरला रोखू न शकणारे खांब दूधवाल्याला मात्र नेमके रोखत होते.

नकाशात मग एकच लांब रेषा तोडून तिचे तुकडे केले गेले. पट्टा जिथे खरोखर आहे तिथे त्याची स्वतंत्र रेषा, पृष्ठभाग आणि रुंदीच्या नोंदीसह. मध्ये तो नाहीसा होतो तिथे रेषा नाही. खांब आणि उंच कर्बस्टोन यांचे वेगळे बिंदू. सांधे तपासून, उतार असेल तिथेच रेषा डांबरी रस्त्याला जोडली गेली. शेवटच्या तुकड्यावर केबल टाकण्यासाठी खोदकाम झाले होते आणि पट्टा मातीखाली गेला होता. तो ‘सध्या वापरात नसलेला’ म्हणून ठेवला. त्यामुळे वाट शोधणारे ॲप तिकडे पाठवणार नव्हते आणि अभियंत्यांच्या आग्रहाप्रमाणे पट्ट्याची खूणही राहणार होती. पुसणे आणि ठेवणे यांतला वाद अशा रीतीने नकाशाच्या चौकटीतच बराचसा मिटला.

‘धोकादायक’, ‘निकृष्ट’ अशी मते मात्र नकाशात घातली नाहीत. दुसऱ्या कोणालाही जागेवर जाऊन पडताळता येईल तेवढेच नोंदवावे, हा ओपनस्ट्रीटमॅपचा दंडक आहे. मते, छायाचित्रे आणि सुचवलेले उपाय यांची गटाने वेगळी नोंदवही केली. तिच्यातील एक रकाना शेवटी सर्वांत कामाचा ठरला: तूट कोणाच्या अखत्यारीत येते. कर्बस्टोनचा उतार महापालिकेच्या पथ विभागाकडे, वीजपेटी महावितरणकडे, बसथांबा पीएमपी या शहर बससेवेकडे, पार्किंग वाहतूक पोलिसांकडे. मार्ग एक आणि तो जोडायला चार दारे. पुण्यासारख्या शहरात, जिथे महापालिका, कटक मंडळे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या हद्दी रस्त्यांना मध्येच कापत जातात, तिथे हा रकाना नसलेली यादी फिरत राहते.

काय साधले, काय राहिले

नकाशातील बदलानंतर एक अनपेक्षित गोष्ट घडली. वाट शोधणारे ॲप आता मोठ्या रस्त्याऐवजी त्याला समांतर जाणारी, जुन्या गावठाणातून निघणारी आतली वाट दाखवू लागले, आणि ती एका ओढ्याशी येऊन थबकू लागली. ओढ्यावर पादचारी पूल आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा पायऱ्या आहेत. गट तिथे गेला तेव्हा कामावर जाणारी माणसे खांद्यावर किंवा हाताने उचलून सायकली पलीकडे नेत असलेली दिसली. मोठ्या रस्त्यावरच्या पट्ट्याला ज्यांनी केव्हाच सोडचिठ्ठी दिली होती त्यांची खरी वाट ही होती. आराखड्याच्या दृष्टीने तिथे सायकल मार्ग नव्हताच, त्यामुळे तिथली तूटही कोणाच्या यादीत नव्हती.

यामुळे गटाने आपल्या सूचनांचा क्रम बदलला. पुलाच्या पायऱ्यांच्या कडेला सायकलचे चाक ढकलत नेता येईल अशी काँक्रीटची अरुंद घसरण पहिल्या क्रमांकावर आली, त्याखाली कर्बस्टोनचे उतार आणि खांबांमधील अंतर. ही सारी कामे नागरिकांच्या सूचनांच्या तरतुदीत बसणारी, लहान खर्चाची होती. क्षेत्रीय कार्यालयातील अभियंत्यांनी जागेवर येऊन पाहणी केली; अखत्यारीचा रकाना पाहून त्यांनी आपल्याकडची कामे तिथेच वेगळी काढली. पुढील आर्थिक वर्षात घसरण झाली आणि काही कर्बस्टोनही उतरते झाले. एका बाजूची घसरण जरा जास्त उभी झाली आहे, भरलेली सायकल खाली आणताना ब्रेक धरून ठेवावा लागतो, पण उचलण्यापेक्षा ते बरे.

बसथांब्याची तूट मात्र तशीच राहिली, आणि याचे कारण कोणाची अनास्था नाही. शेड मागे सरकवायला जागा नाही, पुढे सरकवली तर बसची वाट पाहणारे लोक रस्त्यात येतात, आणि थांबा हलवला तर शाळेतील मुलांना चौक ओलांडावा लागतो. पट्टा शेडच्या मागून नेण्यासाठी डांबरी रस्त्याच्या रुंदीतून काही फूट घ्यावे लागतील. ती जागा आज कडेला उभ्या मोटारींची आहे. लहान कामांच्या तरतुदीत असा निर्णय होऊ शकत नाही.

वेगळे काय करता आले असते

पाहणी हिवाळ्यात झाली. पावसाळ्यात याच पट्ट्यावर चेंबरच्या झाकणांभोवती पाणी साचते आणि शेवाळलेले ब्लॉक निसरडे होतात, म्हणजे कोरड्या दिवसांत सलग असलेले काही तुकडे जून ते सप्टेंबर तुटकच असतात. दोन ऋतूंत पाहणी केली असती तर यादी वेगळी झाली असती. संध्याकाळी अंधार पडल्यावरची पाहणीही राहिली. क्लासवरून परतणाऱ्या मुलींसाठी झाडाखालचा दिवा नसलेला तुकडा ही तूटच आहे, मग तिथे कर्बस्टोन कितीही उतरता असो.

याहून मोठा प्रश्न क्रमाचा आहे. गटाने आधी बांधलेला पट्टा तपासला आणि मग, ॲपच्या वळणावळणाने, लोकांची वापरातली वाट त्यांच्यासमोर आली. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी चौकात उभे राहून माणसे कोठून येतात आणि कोठे जातात हे विचारून, सुरुवात केली असती तर ओढ्यावरचा पूल पहिल्याच दिवशी सापडला असता. अर्थात बांधलेला पट्टा तपासण्याचे काम तरीही करावेच लागले असते, कारण तो नकाशावर सलग राहिला असता आणि ॲप लोकांना तिकडे पाठवत राहिले असते.

नकाशाच्या देखभालीची सोय आधी लावायला हवी होती, असेही म्हणता येईल. रस्ता पुन्हा खोदला जातो, ब्लॉक पुन्हा बसवले जातात, एखादा उतार बुजतो. गटातील विद्यार्थिनी शिक्षण संपवून शहराबाहेर गेल्या. सध्या नकाशाची दुरुस्ती नोकरदार सदस्य जमेल तशी करतो, आणि खोदकामाचा फलक दिसला की परिसरातील लोक त्याला छायाचित्र पाठवतात. नोंदवहीत बसथांब्याची नोंद अजून उघडी आहे. तिच्यापुढे अखत्यारीच्या रकान्यात आता पीएमपी, पथ विभाग आणि वाहतूक पोलिस अशी तिन्ही नावे लिहिली आहेत, आणि तिघांची एकत्र पाहणी व्हावी यासाठीचे पत्र क्षेत्रीय कार्यालयात दिलेले आहे.